बारा दिवसांचा सिनेमा

नौपाडा, ठाणे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा दोनदा वाचली. नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यातला बाप, विकायला काढलेली होडी, महापेच्या ऑफिसात रात्रपाळी करणारी थोरली मुलगी आणि सातवीतला धाकटा भाऊ. गोष्ट चांगली आहे आणि ती तू जवळून पाहिली आहेस, हे पानोपानी कळतं. तुझा प्रश्न एकच: सहा लाखांत हे होईल का? आज कागदावर जे आहे ते होणार नाही. हीच गोष्ट नव्याने लिहिलीस तर होईल.

कमी पैशातला सिनेमा कागदावरच स्वस्त करावा लागतो. लिहिताना जे वाचवलं नाही, ते सेटवर वाचवायला गेलं की माणसांच्या जेवणातून, झोपेतून आणि मजुरीतून कापलं जातं. या पत्रात पुढे जे काही सांगतोय, ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

कमी पैशात झटपट सिनेमे काढणाऱ्या अमेरिकन रॉजर कॉर्मनचं तू नाव घेतलंस आणि लिहिलंस, ‘दोन दिवसांत अख्खा सिनेमा!’ १९६० सालचा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ बहुतांश दोन दिवसांत चित्रित झाला, हे खरं. पण त्या दोन दिवसांच्या मागे काय होतं तेही बघ. आधीच्या एका सिनेमाचा सेट उभाच होता. नटांच्या तालमी आधी झालेल्या होत्या. बाहेरची दृश्यं वेगळी घेतली गेली. ही घाई वाटते, पण तिच्यातलं सगळं काम कॅमेरा सुरू होण्याआधीचं आहे. कॉर्मन स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकलेला माणूस होता आणि ते त्याच्या कामात दिसतं. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिग्जच्या सात हजार डॉलरच्या सिनेमाचीही अशीच गोष्ट. ‘एल मारियाची’ त्याने हाताशी जे होतं त्याभोवती लिहिला, हा भाग शिकण्यासारखा आहे. पण तो थिएटरात लागला तेव्हा त्याच्या आवाजावर आणि प्रिंटवर मोठ्या कंपनीने त्या सात हजारांच्या कितीतरी पट खर्च केला, हा भाग कुणी सांगत नाही. तुझ्यामागे तशी कंपनी नाही, म्हणून शेवटचा खर्च तुझ्या सहा लाखांतच बसायला हवा.

आणि अमेरिकेत कशाला जायचं? दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, कुंडीतल्या मटाराच्या रोपाची वाढ चित्रित करून पैसेवाल्यांना पटवलं आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावला. तारामतीला बाई मिळेना, तर हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना उभं केलं. आपल्या स्वस्त सिनेमाची सगळी विद्या त्या एका वर्षात आहे. फक्त एक गोष्ट नीट बघ. फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, रसायनं कालवणं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक हे सरस्वतीबाई करत होत्या. तुझ्याही सिनेमात अशी कुणीतरी असणार. तुझ्या पत्रात ती आहेच: ‘जेवणाचं मामी बघेल.’ सोळा माणसं, बारा दिवस, दोन वेळचं जेवण म्हणजे ३८४ ताटं. ती मामीच्या माथी मारू नकोस. वहीत तिच्या नावाची ओळ काढ, मदतीला एक बाई दे आणि दोघींचे पैसे रोजच्या रोज दे.

आता कागद. तुझी १०४ पानं, ३१ लोकेशन, २२ बोलणारी पात्रं, १८ रात्रीची दृश्यं, एक लग्नाचा हॉल, एक पाऊस, एक कुत्रा आणि एक लोकल. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. बारा दिवसांत नवख्या टोळीकडून रोज सात पानं निघतात, तीसुद्धा जागा न बदलता. म्हणजे ८२ ते ८४ पानं. वीस पानं काढायचीच आहेत. कुठली ते मी सांगणार नाही, पण कशी ते सांगतो.

लोकेशन आधी. एकदा सामान उचलून टेम्पोत भरलं, दुसरीकडे उतरवलं, दिवे पुन्हा लावले, की सरळ अडीच तास जातात. पाम बीच रोडवर सिग्नल लागला तर तीन. दिवसाच्या नऊ कामाच्या तासांतले तीन गेले तर सात पानांची चार होतात. म्हणून दिवसात एकच जागा, आणि शक्य तेवढ्या जागा तुझ्या दिवाळ्यातल्या मामाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ओटा, माजघर, चूल, गच्ची, मागची बोळ, जेट्टी आणि होडी, एवढ्यात तुझा सिनेमा जवळजवळ पूर्ण बसतो. थोरलीचं ऑफिस दाखवायची गरज काय? तिथला रखवालदार कॅमेरा आत सोडणार नाही, आणि भाड्याचं ऑफिस खोटं दिसेल. ती पहाटे कॅबमधून उतरते, गळ्यात ओळखपत्राची दोरी तशीच, आणि समोर बाप जाळं खांद्यावर घेऊन निघालेला. दोघं एकाच गल्लीत एकमेकांना ओलांडतात. तुझी चार पानं त्या अर्ध्या पानात आली.

लग्नाचं दृश्य. हॉलचं भाडं, दीडशे माणसं, त्यांचे कपडे, बॅन्ड. सगळं काढ. हळदीच्या दिवशी घराच्या मागच्या बाजूला दोघं बहीणभाऊ भांडी विसळतायत आणि आतून धवलारणीचा, म्हणजे लग्नाचे धवले गाणाऱ्या बाईचा, आवाज येतोय. आगरी-कोळी लग्नात धवला कानावर पडला की मराठी प्रेक्षकाला मांडव दाखवावा लागत नाही. चार माणसांत दृश्य होईल आणि हॉलपेक्षा जास्त लग्न वाटेल. धवलारीण खरी आण, तिचं मानधन ठरव, आणि गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची लेखी परवानगी तिच्या सहीने घे. तू बापाच्या रेडिओवर जुनं कोळीगीत वाजवलं आहेस, तेही काढ. शब्द लोकगीताचे असले तरी त्या ध्वनिमुद्रणाचा मालक असतो, आणि पार्श्वभूमीला दहा सेकंद वाजलं तरी परवाना लागतो. आरतीचंही तसंच. ‘सुखकर्ता दुखहर्ता’ तुझी माणसं स्वतः म्हणाली तर मोकळं आहे; कॅसेटमधून लावलीस तर नाही.

कुत्रा काढ. प्राणी दाखवायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते, आणि तुझ्या गोष्टीला तो लागत नाही. बापाची बिडी ठेवायची की नाही हे तू ठरव. पण थिएटरात तंबाखूचं दृश्य म्हणजे सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याच्या जाहिराती, आणि दृश्य चालू असेपर्यंत पडद्याच्या तळाशी सूचना. तुझ्या सगळ्यात हळव्या प्रसंगात बाप बिडी पेटवतो. त्या क्षणी प्रेक्षक खालची अक्षरं वाचत बसेल. त्याच्या हाताला जाळ्याची सुई दे.

धाकटा भाऊ मात्र राहू दे, तो सिनेमाचा जीव आहे. पण तो चौदाच्या आतला आहे, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी काढायची असते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मानधनातले किमान वीस टक्के त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत. याचा परिणाम वेळापत्रकावर होतो: ज्या दिवशी पोर आहे त्या दिवशी त्याचे शॉट आधी, मोठ्यांचे क्लोज (क्लोजअप) नंतर. तो गेल्यावर मोठ्या नटासमोर उंचीप्रमाणे स्टूलवर खूण ठेव, म्हणजे नजर योग्य ठिकाणी जाईल.

आता खाडी, कारण नवख्यांचे सिनेमे तिथेच फसतात. तू लिहिलं आहेस, ‘सकाळ. होडी पाण्यावर डोलते. बाप आणि मुलगी बोलतात.’ साडेसहा पानांचा संवाद. सकाळी आठला भरती असेल तर दुपारी दोनला ओहोटी, आणि जिथे होडी डोलत होती तिथे काळा चिखल आणि होडी एका अंगावर कललेली. बापाचा क्लोज पाण्यावर आणि मुलीचा चिखलावर, असं संपादनात कळलं तर ते दृश्य कुणीच वाचवू शकत नाही. मामाला विचारलंस तर तो तिथी मोजून सांगेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. एकादशीला अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ. अष्टमीला सहा. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं, तेवढं मागेपुढे धर, आणि छापील भरतीच्या कोष्टकाशी ताडून बघ. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून हे दृश्य दोन सलग सकाळी विभाग: पहिल्या दिवशी, समज एकादशीला, पाण्याच्या बाजूला तोंड करून मास्टर, म्हणजे दोघांना धरणारा मोठा शॉट, आणि बापाचे सगळे शॉट, दुसऱ्या दिवशी सुमारे पाऊण तास उशिरा, पाणी त्याच उंचीवर असताना, मुलीचे. भरतीच्या माथ्यावर पाणी सारखं दिसतं ते तास-दीड तासच. एका सकाळी मोजकेच शॉट, त्यापेक्षा जास्तीची हाव नको. पाण्याची उंची कळायला जेट्टीच्या खांबावर खडूची रेघ मार आणि तिचा मोबाइलवर फोटो काढ.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी झपाट्याने चढतं आणि झपाट्याने उतरतं. संवादाच्या दृश्याला अष्टमी ते एकादशीचं भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी बरं. होडीत कॅमेरा, बूमवाला (लांब दांडीवरचा माइक धरणारा), दोन नट आणि मामा, बस. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. नटांची शॉटपुरती काढायची, तेही होडी दोरीने बांधलेली असताना. खाडीतल्या रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) मोह तुला होणार, हिवाळ्यात ते असतातच. पण ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय चित्रीकरण करायचं नाही, आणि ड्रोन तर मुळीच उडवू नकोस. येऊरच्या जंगलाचंही तेच. सार्वजनिक जागांच्या परवानग्यांसाठी गोरेगावच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी आहे, तिथे अर्ज कर. आणि गावात मच्छीमार संस्थेच्या मंडळींना आधी जाऊन भेट. कागदावरची परवानगी पोलिसाला दाखवायला असते. सकाळी सहाला जेट्टी मोकळी करून देणारी माणसं गावातली असतात.

लोकलचं दृश्य फलाटाच्या बाहेरच्या बाकावर आण, गाडी आवाजात ठेव. चोरून डब्यात शिरून चित्रीकरण करण्यात काही मर्दुमकी नाही. रुळांजवळ तर टोळीतल्या कुणीही पाऊल टाकायचं नाही.

पाऊस ठेवायचा तर असा: दहा फुटी पीव्हीसी पाइपला दर दोन इंचांवर दोन मिलिमीटरची भोकं, एक तोंड बंद, दुसऱ्याला बागेची नळी, पाइप पत्र्याच्या कडेला बांधलेला. नळी मिनिटाला साधारण वीस लिटर ओढते, म्हणजे हजार लिटरची टाकी पन्नास मिनिटं पुरते. तालीम कोरडी कर. पाऊस दिसतो तो मागून आलेल्या प्रकाशात. समोरून दिवा मारलास तर पाणी दिसतच नाही आणि मग सगळे ‘अजून पाणी सोड’ म्हणत बसतात. दिवे घराच्या आत, कोरड्यात, आणि वायरचा एकही जोड जमिनीवर नको.

विजेचं म्हणशील तर मामाच्या घराची वायरिंग जुनी आहे असं धरून चाल. सोळा ॲम्पिअरचं सर्किट कागदावर ३,६८० वॅट देतं. तू अडीच हजारांच्या वर जाऊ नकोस, आणि दिवे लावलेल्या सर्किटवर पाण्याची मोटर किंवा इस्त्री लागणार नाही याची खात्री कर. तीनशे वॅटचे दोन एलईडी आणि चार बाय चारचे तीन थर्माकोल, एका बाजूला काळा रंग दिलेले, एवढ्यात माजघर छान उजळतं. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर जुळलं नाही की ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकते आणि ते नंतर काढता येत नाही. मोबाइलवर काही घेणार असशील तर फ्रेमरेट स्थिर ठेवणारं ॲप वापर, नाहीतर आवाज आणि ओठ हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. रात्रीच्या घरातल्या दृश्यांसाठी खिडक्यांना बाहेरून काळं कापड लाव आणि दिवसाच घे. अठरातल्या तेरा रात्री अशा दिवसा होतील आणि तेरा वेळा माणसं वेळेवर घरी जातील.

आवाज. इथे मी हट्टी आहे. प्रेक्षक धूसर चित्र सोसतो, न कळलेला संवाद सोसत नाही. डबिंगवर ढकलू नकोस. दिवाळ्यातली बोली तिथल्या माणसाच्या तोंडी त्या क्षणी जशी येते, तशी महिन्याने स्टुडिओत येत नाही. कॅमेऱ्यावर पैसे वाचव, ध्वनिमुद्रकावर नको. त्याला एक पूर्ण दिवस आधी लोकेशनवर ने आणि नुसतं ऐकायला लाव. सकाळी सातला मासळीच्या टेम्पोचे हॉर्न, साडेनऊला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, दुपारी शाळा सुटते, संध्याकाळी देवळातला स्पीकर, आणि आता वरून विमानंही. या वेळा कागदावर आल्या की हळूवार संवाद कुठे बसवायचा ते आपोआप कळतं. टेकच्या आधी पंखा आणि फ्रिज बंद करावा लागतो. फ्रिज बंद केलास की टेम्पोची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे पॅकअपला तो चालू केल्याशिवाय कुणाला निघताच येणार नाही आणि मामीची मासळी नासणार नाही.

लेपल माइक पदराखाली लावलास तर नव्या सुती साडीची खळ सरसरते; साड्या तीन-चारदा धुऊन मऊ करून आण. काचेच्या बांगड्यांच्या मधे पारदर्शक चिकटपट्टीचा बारीक तुकडा लाव, किणकिण थांबते आणि कॅमेऱ्यात दिसत नाही. चूल पेटलेली असेल तर तिचा तडतडाट वेगळा घे. प्रत्येक जागेचा, कुणीही न हलता, एक मिनिट रिकामा आवाज घ्यायचाच. सगळे दमलेले असतात आणि हेच राहून जातं. मग संपादनात दोन संवादांमध्ये भोक पडतं आणि ते बुजवायला काही नसतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि प्रत्येक शॉटला क्लॅप.

दिवसाची मांडणी. बारा तासांच्या शिफ्टमधले सामान लावण्याचे, जेवणाचे आणि आवराआवरीचे तीन तास गेले की नऊ उरतात. वीस शॉट घ्यायचे तर प्रत्येकाला २७ मिनिटं. आदल्या रात्री त्या विसांतल्या बारांवर लाल खूण कर, ज्यांच्याशिवाय दृश्य जुळणार नाही. ते आधी. बाकीचे मिळाले तर. कॅमेऱ्याचं तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेचे सगळे शॉट संपल्याशिवाय दिवे फिरवायचे नाहीत, मग दृश्याचा क्रम मोडला तरी चालेल. नटांना हे आधी सांग आणि चार रविवार तालीम घे, खऱ्या ओट्यावर. सेटवर पहिल्यांदा विचार करायला लागलीस की सकाळचे दोन तास तिथेच जातात, आणि दिवसाच्या शेवटी, उजेड जाताना, जो क्लोज सिनेमाचा गाभा होता तोच एका टेकमध्ये उरकला जातो.

सकाळी सातचा कॉल असेल तर संध्याकाळी सातला पॅकअप, आणि दुसऱ्या दिवशीच्या कॉलमध्ये बारा तासांचं अंतर. तुझा लाइटमन कल्याणला राहतो, मेकअप करणारी मुलगी कामोठ्याला. चौदा तास राबलेला माणूस रात्री कल्याण-शीळ रोडने बाइकवरून जातो तेव्हा जे होऊ शकतं, त्याची किंमत कुठल्याच सिनेमाला परवडत नाही. बायकांना कपडे बदलायला कडी असलेली खोली आणि स्वच्छ संडास, हे रेकीच्या, म्हणजे जागा पाहायला जाण्याच्या, दिवशीच बघायचं. जेवण गरम हवं: भात, आमटी, भाजी किंवा मासे, ताक. दुपारी वडापाववर भागवलंस तर तीन वाजता टोळी सुस्तावते आणि चार वाजता चिडते.

पैशाचा अंदाज असा धर, दर तुझ्या चौकशीप्रमाणे बदल: जेवण-नाश्ता ५७,६००, टेम्पो आणि प्रवास ६०,०००, कॅमेरा-लेन्स-दिवे ९६,०००, ध्वनिमुद्रक त्याच्या सामानासकट ६०,०००, कपडे आणि कलादिग्दर्शन ३६,४००, संपादन-ध्वनिमिश्रण-रंग-डीसीपी (थिएटरात लावायची डिजिटल प्रत) १,४०,०००, मानधनं ९०,०००, आणि हात न लावण्याचे ६०,०००. बरोबर सहा लाख. यातली मानधनाची ओळ लाजिरवाणी आहे. पंधरा माणसांत वाटली तर दिवसाला पाचशे येतात. ती वाढवायची असेल तर दिवस कमी कर किंवा कॅमेरा साधा घे. आणि तरी कमी पडलं तर सिनेमाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा प्रत्येकाला लेखी दे, चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसाआधी, तारीख आणि सही घालून. ‘पुढच्या सिनेमात बघू’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस.

शेवटच्या साठ हजारांना शूटिंगमध्ये हात लावलास तर सिनेमा हार्ड डिस्कमध्येच राहतो. असे पुष्कळ आहेत.

हार्ड डिस्कचं सांगून टाकतो. कॅमेरा सेकंदाला शंभर मेगाबिट (एमबीपीएस) नोंदवत असेल तर तासाला ४५ जीबी. आठ तासांचं चित्रण म्हणजे ३६० जीबी. एक टीबीच्या तीन डिस्क घे: एक संपादकाकडे, एक तुझ्याकडे, एक तिसऱ्याच घरात. दोन डिस्कवर उतरवून पडताळल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, आणि हे काम एकाच माणसाचं, जो दुसरं काही करणार नाही.

आता जे तू विचारलं नाहीस ते. निर्माता म्हणून कुणाचं नाव लागणार? तुझ्या ओळखीचे गृहस्थ तीन लाख देतायत आणि ‘निर्माता मी’ म्हणतायत, असं लिहिलंस. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट निर्मात्याचा असतो, साठ वर्षं. दिग्दर्शकाला तो आपोआप मिळत नाही. कॉर्मनने १९७० मध्ये स्वतःची न्यू वर्ल्ड पिक्चर्स काढली, त्यामागे आपल्या सिनेमांवर दुसऱ्यांनी चालवलेल्या कात्रीचा राग होता. फाळके भागीदारांशी न पटल्यामुळे कंपनी सोडून गेले. एकेका सिनेमापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, कारण तुला पाच-सहा सिनेमे करायचे आहेत आणि दुसऱ्याच्या वेळी पहिल्याचे हक्क हातात असणं हेच तुझं भांडवल असेल. त्या गृहस्थांना पैशाच्या प्रमाणात नफ्यात वाटा दे, नाव दे, पण निर्माती तूच राहा, निदान संयुक्त. आणि अंतिम संपादन कुणाचं हे करारात एका ओळीत लिही. पैसे कमी पडले तर जॉन अब्राहमसारखी वाट आहे, केरळचा दिग्दर्शक. त्याने आणि त्याच्या ओडेसा या गटातल्या मंडळींनी गावोगाव फिरून लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियन’ पुरा केला. कोळीवाड्यात हे होऊ शकतं, पण मग पहिला खेळ त्याच गावात, जेट्टीवर पडदा बांधून.

सिनेमा झाल्यावर लगेच यूट्यूबवर टाकू नकोस. आधी दाखवलेला सिनेमा पुष्कळ महोत्सव घेत नाहीत. पुण्याच्या महोत्सवात मराठी सिनेमांची वेगळी स्पर्धा असते, तिथून सुरुवात कर. पटकथेची नोंद मात्र आजच स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये करून टाक, कुणालाही पाठवण्याआधी. मलाही पाठवण्याआधी करायला हवी होतीस.

कार्तिक-मार्गशीर्षात करू या. पाऊस सरलेला असतो, हवा निवळते, उजेड मऊ असतो. डिसेंबरात सातच्या सुमारास उजाडतं आणि सहाला मावळतं, तेवढाच दिवस हाती. तुळशीच्या लग्नानंतर गावात लग्नांचे स्पीकर सुरू होतील, त्या तारखा आधी विचारून घे. येत्या रविवारी ये. येताना प्रत्येक दृश्याचं ब्रेकडाउन, म्हणजे त्याला लागणाऱ्या माणसांची आणि वस्तूंची यादी, एकेका पानावर, पंचांग आणि भरतीचं कोष्टक आण. आणि मामाला आत्ताच फोन करून विचार, होडी रंगवायला जमिनीवर कधी ओढणार आहे. दृश्य ४१ मध्ये बाप उलट्या होडीखाली बसतो, ते त्याच आठवड्यात घ्यावं लागेल. बाकीचे अकरा दिवस त्या तारखेच्या पुढेमागे लावू.

तुझा,
काका